दोन प्रांतांचं नाणं

वाघमोडे सर वर्गात शिरण्याआधी दारात थांबून छताकडे बघायचे. आमच्या शाळेची इमारत जुनी असली तरी छत काही पडायला आलेलं नव्हतं. तरी सर बघायचे. मग पंख्याकडे, मग खिडकीच्या वरच्या कोपऱ्याकडे, पालीसाठी. सगळं जागेवर आहे अशी खात्री पटली की आत येऊन "बसा" म्हणायचे. तोवर आम्ही सातवीतली पोरं उभीच.

इतका भित्रा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. एसटीत ते संकटकाळी बाहेर पडायच्या खिडकीजवळची जागा मिळाली तरच बसायचे. अनोळखी नंबरवरून फोन आला की आधी बायकोच्या हातात द्यायचे. शाळेतले शिपाई मामा गंमत करायचे, "सर, आडनाव बदलून घ्या. वाघानं ऐकलं तर हसून मरंल." सर हसायचे. आपल्या भीतीची त्यांना लाज वाटत नसे. "भीती वाटते म्हणून तर मी पन्नाशीपर्यंत आलो," म्हणायचे. "न भिणारे माझे दोन मित्र विहिरीत पोहायला गेले ते गेलेच."

त्यांचा भित्रेपणा मी सगळ्यात जवळून पाहिला तो आमच्या वस्तीवर. आमची वस्ती शाळेच्या गावापासून, भूमपासून लांब, रानात. घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं आणि माझंही तिथंच थांबवायचं ठरलं होतं. ते कळल्यावर सर एका दुपारी चालत आले. अंगणात पाय ठेवला आणि आमचं कुत्रं भुंकत धावलं. सर जे उडाले ते थेट दारातल्या बाजेवर जाऊन उभे राहिले.

"सर, उतरा खाली. ते चावत न्हाय," वडील म्हणाले.

"आजवर चावलं नसेल. पण प्रत्येक कुत्रं कुणाला तरी पहिल्यांदा चावतंच की."

कुत्रं बांधलं तरी सर उतरले नाहीत. मुलीला पुढं का शिकवायचं हे त्यांनी बाजेवर उभं राहूनच सांगितलं. बाज करकरत होती, आई पदर तोंडाला लावून हसत होती. सर गेल्यावर वडिलांनी कुत्रं सोडलं. मग आईला म्हणाले, "एवढा भ्यालेला माणूस एवढ्या लांब आला म्हंजी कायतरी असंलच त्यात." मी अकरावीला गेले ती त्या एका वाक्यावर. पुढे पदवी झाली, बी.एड. झालं आणि सरांच्याच शाळेत मी शिक्षिका म्हणून रुजू झाले. माझ्या घरी आजही सरांचं नाव कुणी नुसतं घेत नाही, 'आपले वाघमोडे सर' असंच म्हणतात.

सर भूगोल शिकवायचे आणि त्यांच्याकडे एक नाणं होतं.

त्यांच्या आजीच्या गळ्यात चांदीच्या रुपयांची माळ होती. आजी गेल्यावर माळ उसवून रुपये मुलांत वाटले. राजाराणीचे मुखवटे असलेले सगळे रुपये गेले आणि एक नाणं उरलं, ते कुणालाच नको होतं. त्याच्यावर कुणाचा मुखवटाच नव्हता. एका बाजूला न कळणारी अक्षरं, दुसऱ्या बाजूला वळसे घालून बसलेला एक प्राणी. ते माळेत कसं आलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणा सोनाराने चांदी आहे एवढं बघून कडी जोडली असेल आणि ओवून टाकलं असेल. ते सरांच्या वडिलांच्या वाट्याला आलं आणि पुढे सरांच्या. चीनचा धडा आला की सर ते रुमालातून काढायचे आणि वर्गात फिरवायचे. "ड्रॅगन," म्हणायचे. "साप नाही. नीट बघा, पाय आहेत." आम्ही पोरं हळूच त्या पायांवरून बोट फिरवायचो. मीही फिरवलं आहे. नाणं जड होतं, आणि सरांच्या खिशात राहून कोमट झालेलं असायचं.

मी शिक्षिका झाल्यावर एकदा शिक्षकखोलीत सरांनी ते टेबलावर ठेवलं. ड्रॅगनच्या कडेने बारीक इंग्रजी अक्षरं होती, सरांनी ती केव्हाच वाचली होती. 'हू-पेह प्रांत'. चीनमध्ये तेव्हा प्रत्येक प्रांत आपापली नाणी पाडायचा, असं ते शिकवायचे. दुसऱ्या बाजूची चिनी अक्षरं मात्र कधी कुणी वाचली नव्हती. माझ्या मोबाईलमध्ये फोटो काढून भाषांतर करण्याची सोय होती. मी कॅमेरा धरला आणि पडद्यावर आलं, 'क्वांगतुंग प्रांतात बनवलेले'.

सरांनी ते दोनदा वाचलं. नाणं उलटं केलं, सुलटं केलं.

"म्हणजे पुढं एक प्रांत आणि मागं दुसरा?"

"हो सर."

"म्हणजे खोटं?"

चेहरा इतका उतरला की मला वाटलं यांना चक्कर येतेय. आजीने आयुष्यभर खोटं नाणं गळ्यात घातलं की काय, या विचाराने त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. शेवटी मी पुण्यातल्या एका नाणेतज्ज्ञांचा नंबर मिळवला. सरांनी फोन अर्थातच माझ्या हातात दिला आणि स्वतः शेजारी बसून ऐकत राहिले. ते गृहस्थ सावकाश बोलत होते. टांकसाळीत नाण्याच्या दोन बाजूंचे दोन ठसे असतात. कधी चुकून, कधी घाईत, एका नाण्याचा ठसा दुसऱ्याच्या ठशाशी जोडला जातो आणि अशी विजोड नाणी पडतात. खरी असली तर फार दुर्मिळ. पण दुर्मिळ म्हणूनच लोक ती बनावटही करतात, आणि बाजारातली बहुतेक बनावटच असतात. "घेऊन या. हातात घेतल्याशिवाय मी काही सांगणार नाही," ते म्हणाले.

सर गेले नाहीत. मी दर सुट्टीत विचारायची, "सर, जायचं का पुण्याला?"

"जाऊ की. पण खोटं निघालं तर आजी खोटी पडते. खरं निघालं तर सांभाळायची भीती. आता कसं, दोन्ही नाही. बरं आहे."

दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सर पायाळू होते. जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाला आमच्याकडे पायाळू म्हणतात. त्याच्याबद्दल लोक दोन गोष्टी मानतात. वीज त्याच्याकडे ओढली जाते, आणि जमिनीत पुरलेलं धन त्याला कळतं. लहानपणी आभाळ गडगडलं की आई सरांना ज्वारीच्या कणगीत बसवून वर झाकण ठेवायची. ती भीती त्यांच्या हाडात शिरली होती. पण वर्गात ते उलटं शिकवायचे. विजेचा धडा आला की छातीवर हात ठेवून म्हणायचे, "मी पायाळू आहे. माझ्यावर वीज पडली का? नाही. माझी नात ओवी, तीही पायाळू. तिला पुरलेलं धन दिसतं का? तिला तर स्वतःची चप्पल सापडत नाही." पोरं खदखदून हसायची. बाहेर खरंच गडगडलं तर सरांचा हात छातीवरून खाली येत नसे, पण ते वाक्य पूर्ण करायचे.

ओवी चार वर्षांची. मुलगा आणि सून दोघं लातूरला नोकरीला, म्हणून ती आजी-आजोबांकडे असायची.

आमचे खेळाचे गोरे सर दिवसभर मोबाईलवर व्हिडिओ करत. शाळेचं नाव व्हावं एवढीच त्यांची इच्छा. एके दिवशी त्यांनी वाघमोडे सरांना वर्गात उभं केलं. सरांनी आधी नाणं दाखवलं, दोन्ही बाजू, दोन प्रांत. मग पोरांनीच आग्रह केला, "सर, ते पायाळूचं सांगा की!" सरांनी तेही सांगितलं, स्वतःचं आणि ओवीचं, चपलेसकट. गोरे सरांनी सगळं एकत्र जोडून इंटरनेटवर सोडून दिलं.

पहिले दोन दिवस कौतुक झालं. मग खाली कुणीतरी लिहिलं, 'हे मांडुळाचं नाणं आहे.'

मांडूळ म्हणजे दुतोंडी म्हणतात तो साप. त्याला खरं तर एकच तोंड असतं, शेपटी बोथट असते एवढंच. पण त्याच्या जोरावर गुप्तधन मिळतं असं मानणारे लोक आहेत, आणि त्यापायी तो चोरून विकलाही जातो. आता इथं एक नाणं होतं, दोन बाजूंना दोन वेगळी तोंडं असलेलं, वर वेटोळं घातलेला साप. आणि ते ज्याच्या हातात होतं तो पायाळू. ज्याला जे जुळवायचं होतं त्याने ते जुळवलं. ड्रॅगनचे पाय कुणी मोजले नाहीत.

आधी लोक नुसते बघायला यायचे. एक बाई नाण्यावर हळदकुंकू वाहून गेली. सर घाबरले, पण हसले. मग ती पांढरी जीप आली.

मी तेव्हा उत्तरपत्रिका द्यायला सरांच्या घरी गेले होते. ऊन कलतं होतं. तीन माणसं बाहेरच्या सोप्यात बसलेली, पुढ्यात पेढ्यांचा पुडा आणि नारळ. मधल्याला बाकीचे दोघं आबा म्हणत होते. साठीचा, पांढरी टोपी, गोड आवाज.

"गुरुजी, असं भिऊ नगा. आमी काय चोर हाय का? नाणं तुमचंच ऱ्हाणार. तुमी बी तुमचेच ऱ्हाणार. आधी सोनारी गावात भैरवनाथाच्या पाया पडू, मग जरा रानात फिरू. नाणं मुठीत धरायचं अन् चालायचं. मूठ गरम झाली की थांबायचं. बास."

"आणि मग?" सरांनी विचारलं.

"मग आमचं आमी बघू. यखादा थेंब लागतो, लई न्हाय. सुई टोचल्यावानी."

"हे सगळं थोतांड आहे. याच्यावर कायदा आहे."

"व्हय की," आबा म्हणाला आणि बाकीच्या दोघांकडे बघून हसला. "कायदा तर मांडुळावर बी हाय."

तेवढ्यात ओवी आतून पळत आली. अनवाणी. आबाने एक पेढा काढून तिच्या हातावर ठेवला. तिच्या तोंडाकडे त्याने बघितलंच नाही. तो तिच्या पायांकडे बघत होता.

"हीच का ती? गोड हाय. अंगणवाडीत जाती न्हवं, पाण्याच्या टाकीजवळच्या?" मग सरांकडे वळून, अगदी काळजीने, "तुमचे गुडघे दुखत्यात, गुरुजी. रानात चालणं न्हाय जमलं तर ऱ्हाऊ द्या. ल्हानग्या पायांचं काम बी चालतं. बाजाराच्या दिवसापस्तोर इचार करा."

ते उठले, जाताना सरांच्या बायकोला, काकूंना, नमस्कार केला, पायात चपला घालून शांतपणे गेले. जीप कोपऱ्यावरून वळेपर्यंत सर उभे होते. मग त्यांनी ओवीच्या मुठीतला पेढा काढून घेतला आणि जमिनीवरच बसले. "सुनीता," म्हणाले, "माझे पाय बघ गं. हलत नाहीयेत."

पोलिसांत मीच त्यांच्याबरोबर गेले. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, तक्रार लिहून घेतली, अंगणवाडीवरून गाडी फिरवू म्हणाले आणि फिरवलीही. पण जीपचा नंबर कुणी बघितला नव्हता आणि आबाचं नाव आबा एवढंच ठाऊक होतं. सरांनी ओवीला अंगणवाडीत पाठवणं बंद केलं. काकू दाराला आतून कडी घालून स्वयंपाक करायच्या. मुलगा लातूरहून म्हणाला, मी घेऊन जातो तिला. सर म्हणाले, "लातूरला जीप जात नाही का?"

शिक्षकखोलीत गोरे सर त्यांच्यासमोर बसू शकत नव्हते. "सर, मी व्हिडिओ काढून टाकलाय."

"तुम्ही काढला. ज्यांच्या ज्यांच्याकडं गेला त्यांनी काढला का?"

"मग देऊन टाका सर ते नाणं त्यांना. जाऊ दे."

"दिलं तर त्यांना फक्त पायाळू शोधायचा राहील, गोरे. आणि तो कुठं राहतो हे त्यांना माहीत आहे."

"पुण्याच्या त्या साहेबांकडे ठेवलं तर? किंवा संग्रहालयात?" मी विचारलं.

"माझ्या घरात नाही यावर विश्वास कोण ठेवणार? आधी मला विचारतील कुठं आहे. मग ओवीला समोर ठेवून विचारतील." सर टेबलाची कड घट्ट धरून बोलत होते. "नाणं आणि पायाळू, दोन्ही लागतं त्यांना. पायाळूपण तर मला पुसता येत नाही." मग गोरे सरांकडे वळून म्हणाले, "गोरे, बाजाराच्या दिवशी मोबाईल चार्ज करून आणा. आणखी एक व्हिडिओ करायचाय."

बाजाराच्या दिवशी सर नवा सदरा घालून आले होते. सोनार गल्लीत पोतदारांचं दुकान, रस्त्यावरच उघडणारं. सरांनी दुकानाच्या ओट्यावर नाण्याचा रुमाल ठेवला. आजूबाजूला भाजीवाल्या, बांगडीवाले, शाळेतली काही पोरं. गर्दी आपोआप जमली. समोरच्या चहाच्या गाड्यावर आबा बशीत चहा ओतत होता. मी सरांना हळूच सांगितलं. "बघितलं," ते म्हणाले. त्यांच्या कपाळावरचा घाम हनुवटीपर्यंत आला होता.

पोतदारांनी नाणं कसोटीवर घासलं. "चांदी चोख हाय, गुरुजी. पण ठसा खरा का खोटा ते मला कळत न्हाय. पुण्याच्या माणसाला एकदा दाखवा तरी. ही वस्तू पुन्हा यायची न्हाय."

"मूस तापवा," सर म्हणाले.

गोरे सरांनी मोबाईल धरला. सरांनी बोलायचं ठरवलं होतं. शिक्षकखोलीत चार वाक्यं म्हणूनही बघितली होती. पण तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. मग त्यांनी नुसतं नाणं उचललं, कॅमेऱ्यासमोर धरलं, एक बाजू, मग दुसरी बाजू. हात इतका कापत होता की ड्रॅगन वळवळतोय असं वाटत होतं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आगं, जित्तं हाय ते!" कुणी हसलं नाही. सरांनी नाणं मुशीत टाकलं.

पोतदारांनी वर टाकणखार टाकला आणि बत्तीची ज्योत लावली. बराच वेळ काहीच झालं नाही. चांदी नुसती लाल होत गेली. ड्रॅगन दिसत होता, त्याच्या कडेची अक्षरं दिसत होती. मग कडेचं एक अक्षर गेलं, दुसरं गेलं, आणि पाहता पाहता सगळं एकाएकी खाली बसून एक गोल, थरथरणारा थेंब झाला. सरांनी एकदाही डोळे मिटले नाहीत. मी त्यांच्या शेजारी होते. ते तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होते. मला वाटलं देवाचं नाव. नीट ऐकलं तर ते "आजी, आजी" म्हणत होते.

मी वळून बघितलं तेव्हा आबा बशी ठेवून निघून गेलेला होता.

चांदी थंड झाल्यावर पोतदारांनी ती चिमट्यातून सरांच्या हातावर दिली. वातावरण हलकं करावं म्हणून असेल, ते म्हणाले, "गुरुजी, ह्याचे नातीला वाळे करू का? पायात छान दिसतील."

"नको," सर एकदम म्हणाले. "तिच्या पायांकडं कुणाचं लक्ष जायला नको."

तो दुसरा व्हिडिओ पहिल्याइतकाच पसरला. लोकांनी सरांना वेडा म्हटलं. पुण्याच्या तज्ज्ञांनी मला फोन केला. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "एकदा हातात घ्यायला हवं होतं मी." मी सरांना ते सांगितलं नाही. जीप परत आली नाही. पोलिसांच्या फेऱ्यांनी, व्हिडिओने, की आबाला दुसरीकडे कुठं काही सापडलं म्हणून, हे मला आजही माहीत नाही. सरांच्या भीतीला मात्र तेवढं पुरलं नाही. ते पांढरी जीप दिसली की दुकानात शिरायचे, दुकान कशाचंही असो. एकदा तर बायकांच्या ब्लाऊजच्या दुकानात शिरले आणि जीप जाईपर्यंत माप विचारत उभे राहिले. काकूंना सांगून स्वतःच हसले.

निवृत्त झाल्यावर त्यांनी भूमचं घर बंद केलं आणि दोघं लातूरला मुलाकडे राहायला गेले. मी एसटी स्टँडवर निरोप द्यायला गेले होते. सामान आधीच गेलं होतं. सरांनी नेहमीप्रमाणे संकटकाळच्या खिडकीजवळची जागा धरली होती, ओवी मांडीवर, काकू पुढच्या बाकावर. ती आता मोठी झाली होती, मांडीत मावत नव्हती, पण सर तिला खाली उतरू देत नव्हते. मी खिडकीशी उभी राहून बोलत होते. सर मला म्हणाले, "पोरांना चीन शिकवताना घाई करू नकोस. त्यांना तो देश फार लांबचा वाटतो."

शेजारच्या जागेवर एक म्हातारी येऊन बसली. डोक्यावर पदर, मांडीवर बोरांची पिशवी. तिने ओवीच्या गालाला हात लावला आणि मूठभर बोरं पुढे केली. "घे गं माय. नाव काय तुझं?"

ओवीने बोरं घेतली नाहीत. आधी आजोबांकडे बघितलं. सरांनी मान हलवली. मग ती, पाठ केलेली कविता म्हणावी तशी, स्पष्ट आवाजात म्हणाली,

"माझं नाव ओवी वाघमोडे. मी डोक्याकडून जन्मले."

म्हातारी गोंधळून हसली. सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते एसटीच्या छताकडे बघत होते.